गुप्तवार्ता सरकारकडे, मग आमदार-खासदारांनी विचारायचं तरी काय?

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला सोळा मीटर लांबीची एक नौका बेवारस लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं होती. रायगड जिल्ह्यात नाकाबंदी लागली, अफवा उठल्या. नेमकं तेव्हा मुंबईत विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, म्हणून गृहमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत निवेदन केलं. नौकेचं नाव 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियन, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांची सुटका झाली आणि रिकामी नौका भरकटत कोकणात आली. शस्त्रांचा तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला, पण लोकांच्या मनातली मोठी शंका संध्याकाळपर्यंत फिटली.

सरकार सांगायला तयार असलं की गोष्टी अशा सुरळीत होतात. सरकार 'ही माहिती गोपनीय आहे' म्हणालं तर? आपल्याला वाटतं, आपण निवडून दिलेला माणूस तरी बंद दाराआड ती फाइल वाचू शकत असेल. वस्तुस्थिती तशी नाही. रत्नागिरीचा खासदार असो की श्रीवर्धनचा आमदार, गुप्तचर यंत्रणेचा एखादा अहवाल मागून वाचण्याचा हक्क भारतातला कोणताही कायदा त्याला देत नाही. तो का नाही, असायला हवा का, आणि सध्या हातात काय आहे, ते पाहू.

इशारा कुठून येतो, कुठे जातो

गुप्तवार्ता म्हणजे गोळा केलेली माहिती तपासून, जुळवून काढलेला निष्कर्ष. खबऱ्याने सांगितलेली गोष्ट ही नुसती खबर. ती दुसऱ्या बाजूने पडताळली, तिच्यावर कुणी डोकं लावलं, की तिची गुप्तवार्ता होते. ती अधिकाऱ्यांनी मंत्र्यांपुढे तोंडी किंवा कागदावर मांडणं म्हणजे ब्रीफिंग.

देशातली माहिती मुख्यतः इंटेलिजन्स ब्युरो म्हणजे आयबी गोळा करते, परदेशातली रॉ. आयबीची मुळं १८८७ पर्यंत जातात, रॉ १९६८ साली स्थापन झाली. या आणि इतर यंत्रणांची माहिती दिल्लीच्या मल्टी एजन्सी सेंटरमध्ये एकत्र येते. तिथून ती राज्यांतल्या उपकेंद्रांकडे, राज्य गुप्तवार्ता विभागाकडे, पोलीस अधीक्षकांकडे आणि शेवटी सागरी पोलीस ठाण्यातल्या टेबलावर पोचते. समुद्रात साधारण बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, गस्त सागरी पोलिसांची. त्यापुढे तटरक्षक दल, आणि एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे.

या साखळीत बिघाड बहुतेक वेळा माहिती मिळवण्याच्या टोकाला होत नाही, ती खाली पोचवण्याच्या आणि वापरण्याच्या टोकाला होतो. इशारा मोघम असतो: 'समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता.' कोणता किनारा, कोणता आठवडा, काही नाही. असे इशारे वरचेवर आले की ते नोंदवहीत चढतात आणि तिथेच राहतात. ज्याने कृती करायची त्याच्याकडे बोट असते तर डिझेल नसतं, डिझेल असतं तर खलाशी नसतो.

कोकणाने हे दोनदा भोगलं आहे. १९९३च्या सुरुवातीला रायगडमधल्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने शिक्षा दिलेल्यांमध्ये कस्टमचे आणि पोलीस खात्याचे लोकही होते. म्हणजे पहारेकरीच फितूर झाले होते. दुसऱ्यांदा २६ नोव्हेंबर २००८. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली आणि रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. १६६ जणांचा जीव गेला. समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे त्याआधी आलेले होते.

त्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली. आलेले इशारे गृहखात्यात आणि पोलिसांत कसे हाताळले गेले, यावर तिच्या अहवालाने बोट ठेवलं. २००९ साली विधिमंडळात आधी फक्त कृती अहवाल, म्हणजे शिफारशींवर सरकारने काय केलं याचा कागद, आला. पूर्ण अहवालासाठी विरोधकांना भांडावं लागलं, तो वर्तमानपत्रांत फुटला आणि मग डिसेंबरमध्ये पटलावर आला. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मागे पडते: ही राज्याची समिती होती, त्यामुळे केंद्राच्या गुप्तचर यंत्रणांची चौकशी तिच्या कक्षेतच नव्हती. आणि केंद्राच्या पातळीवर त्या यंत्रणांच्या कामाची तशी स्वतंत्र चौकशी कधी नेमलीच गेली नाही. साखळीचं खालचं टोक तपासलं गेलं, वरचं तसंच राहिलं.

शपथेतच फरक आहे

मंत्र्याच्या शपथविधीत 'पद आणि गोपनीयतेची शपथ' हे शब्द आपण ऐकतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी या दोन वेगळ्या शपथा आहेत. साध्या खासदार-आमदाराची शपथ एकच: घटनेशी निष्ठा, देशाची एकता आणि सार्वभौमत्व, कर्तव्यपालन. गोपनीयतेचा त्यात उल्लेख नाही.

उलट अनुच्छेद १०५ खासदाराला आणि अनुच्छेद १९४ आमदाराला सभागृहातल्या भाषणाबद्दल पूर्ण संरक्षण देतात. तिथे तो जे बोलेल त्यासाठी त्याच्यावर कोर्टात कारवाई होऊ शकत नाही. म्हणून प्रशासन म्हणतं, ज्याने गुपित राखण्याची शपथ घेतलेली नाही आणि ज्याला बोलण्याची पूर्ण मुभा आहे, त्याच्या हातात फाइल कशी द्यायची? ही अडचण खरी आहे. ती इतर देशांनी सोडवलेली आहे, त्याकडे येऊच.

कागदावर अधिकार किती?

अनुच्छेद ७५(३) सांगतो की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. यात 'गुप्तचर खातं वगळून' असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्यक्षात मात्र या जबाबदारीला जागोजागी भोकं आहेत.

पहिलं भोक म्हणजे आयबी आणि रॉ यांना संसदेच्या कायद्याचा पाया नाही. त्या सरकारी आदेशाने चालतात. १९८५चा एक कायदा त्यांना लागू होतो, पण तो कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या आणि बोलण्याच्या हक्कांवर बंधनं घालणारा आहे. या यंत्रणांनी काय करावं, काय करू नये, हे त्यात नाही. नियमच लिहिलेला नसेल तर तो मोडला की पाळला हे कुणी तपासायचं कशाच्या आधारावर?

दुसरं, समित्या. संसदेत खात्यांनुसार २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. गृह, संरक्षण, परराष्ट्र या तिन्हींसाठी समित्या आहेत. पण रोजच्या कारभारात त्यांनी शिरायचं नाही असा नियम आहे. शिवाय लोकसभेच्या कामकाजाचा नियम २७० समितीला माणसं आणि कागद बोलावण्याचा अधिकार देतो आणि त्याच श्वासात सांगतो, की एखादा कागद उघड केल्याने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं कारण देऊन सरकार तो नाकारू शकतं. कागद प्रस्तुत आहे की नाही याचा निवाडा लोकसभेचे अध्यक्ष करतात, पण गुप्ततेचं कारण खरं आहे की सोयीचं, हे ठरवणारं कुणी नाही. ज्याच्याकडे हिशेब मागायचा त्यालाच हिशेब द्यावा की नाही हे ठरवू दिलं आहे. संपूर्ण विषयाची मेख इथे आहे.

कागदावरचा अधिकार प्रत्यक्षात कसा विरघळतो ते २८ जुलै २०२१ ला दिसलं. पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या सॉफ्टवेअरने हेरगिरी झाल्याच्या आरोपांवर माहिती-तंत्रज्ञान विषयक स्थायी समितीची बैठक होती. सत्ताधारी पक्षाचे सदस्य खोलीत आले, पण त्यांनी हजेरीवहीत सही केली नाही. गणपूर्तीला एक तृतीयांश सदस्य लागतात, ती झाली नाही. बोलावलेले अधिकारीही आले नाहीत. बैठक झालीच नाही, आणि सही न करण्यात एकही नियम मोडला गेला नाही.

पैशाचंही तेच. सरकारी खर्चाची पावती कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, तपासतो, पण 'गुप्त सेवा खर्च' या सदरात नेमलेल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ने आयबी, रॉ यांना वगळलं आहे. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन या दोन आरोपांच्या बाबतीत ही सूट लागू नाही. ही फट छोटी असली तरी उपयोगाची आहे.

फोन टॅपिंगवर देखरेख आहे, असं सांगितलं जातं. आहे, पण कुणाची? आदेश गृहसचिव देतात आणि तो तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष केंद्रात कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. सगळे अधिकारीच. ना न्यायाधीश, ना लोकप्रतिनिधी.

सर्वपक्षीय बैठक होते की! ती पुरेशी नाही का?

पुलवामानंतर २०१९ मध्ये झाली, पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ ला झाली. संकटात सगळ्या पक्षांना सोबत घेणं चांगलंच. पण त्याला देखरेख म्हणता येत नाही. बैठक बोलवायची की नाही, कुणाला बोलवायचं, काय सांगायचं, हे सरकार ठरवतं. सदस्याला कागद मागता येत नाही, साक्षीदार बोलावता येत नाही, पुढच्या महिन्यात 'त्या वेळी तुम्ही हे म्हणालात, मग असं का झालं' असं नोंदीवर विचारता येत नाही.

अशा बैठकीत एक धोकाही आहे. नंतर काही चुकलं की सरकार म्हणू शकतं, 'विरोधकांना आम्ही सांगितलं होतं.' ऐकलं म्हणजे मान्य केलं, असा अर्थ निघतो.

अमेरिकेत हे अगदी असंच घडलं. तिथे १९७०च्या दशकात गुप्तचर यंत्रणांचे गैरप्रकार उघड झाल्यावर सिनेटने १९७६ मध्ये आणि प्रतिनिधीगृहाने १९७७ मध्ये कायमच्या गुप्तचर समित्या नेमल्या. तरी सर्वांत नाजूक कारवाया फक्त आठ जणांना सांगायची वहिवाट आहे: दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे प्रमुख व उपप्रमुख. २००३ मध्ये वॉरंटशिवाय फोन ऐकण्याच्या कार्यक्रमाचं ब्रीफिंग सिनेट समितीचे उपाध्यक्ष जे रॉकफेलर यांना मिळालं. १७ जुलैला त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना हाताने पत्र लिहिलं. टंकलेखनिकालासुद्धा हा विषय सांगायची परवानगी नव्हती. मी तंत्रज्ञही नाही आणि वकीलही नाही, कुणाचा सल्लाही घेऊ शकत नाही, त्यामुळे या गोष्टींना पाठिंबा देणं मला शक्य नाही, असा त्याचा आशय. पत्राची एक प्रत त्यांनी पाकिटात मोहोरबंद करून ठेवली. २००५च्या डिसेंबरमध्ये तो कार्यक्रम वर्तमानपत्रातून जगाला कळला, तेव्हा आपण आक्षेप घेतला होता हे दाखवायला त्यांच्याकडे ते पत्रच होतं.

एकट्या माणसाला, टिपण न घेऊ देता, सल्लागाराशिवाय सांगितलेली माहिती ही त्याच्या खांद्यावर टाकलेली जबाबदारी असते. त्याला अधिकार म्हणता येत नाही.

गुपित फुटलं तर?

हा सर्वांत जड आक्षेप आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खबऱ्याचं नाव फुटलं तर माणूस मरतो. म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवं, की देखरेख करणाऱ्यांना सगळं दाखवायचं नसतं.

आपल्याकडचा नाखवा मासळीचा थवा नेमका कुठे लागला हे शेजारच्या होडीला सांगत नाही, आणि कुणी त्याचा राग धरत नाही. पण डिझेल किती घेतलं, बर्फ किती भरला, मासळी कितीला गेली आणि वाटे कसे पडले, हे खलाशांपासून आणि सोसायटीपासून लपवता येत नाही. गुप्तचर यंत्रणेचंही तसंच विभाजन करता येतं. चालू कारवाई, खबऱ्यांची ओळख आणि परदेशी यंत्रणेने विश्वासाने दिलेली माहिती बंद. खर्च, कायदेशीर अधिकार, इशाऱ्याला कोणी कधी प्रतिसाद दिला, आणि संपलेल्या कारवाईतून काय हाती लागलं, हे लहान समितीपुढे खुलं.

ब्रिटनने हे कायद्यात बसवलं आहे. तिथली गुप्तचर आणि सुरक्षा समिती १९९४च्या कायद्याने आली आणि २०१३च्या कायद्याने तिला अधिक बळ मिळालं. नऊ सदस्य, त्यात एकही मंत्री नाही. पंतप्रधान विरोधी पक्षनेत्याशी बोलून नावं सुचवतात, संसद नेमणूक करते. सदस्यांना गोपनीयता कायदा यंत्रणेतल्या माणसांसारखाच लागू होतो. अहवाल आधी पंतप्रधानांकडे जातो, नाजूक मजकूर गाळून तिथे तारांकनं छापतात, आणि मग तो लोकांसमोर येतो. कॅनडाने २०१७च्या कायद्यात आणखी पुढे जाऊन समितीच्या सदस्यांचं संसदीय संरक्षण अशा माहितीपुरतं काढूनच घेतलं. म्हणजे सभागृहात उठून गुपित सांगितलं तरी खटला चालू शकतो. आपल्या शपथेचा जो पेच वर पाहिला, त्याचं तयार उत्तर हे.

ब्रिटनचीही पद्धत निर्दोष नाही. रशियाच्या हस्तक्षेपावरचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांकडे पोचला होता. तो छापून आला जुलै २०२० मध्ये, मध्ये निवडणूक होऊन गेल्यावर. गाळायचा अधिकार सरकारकडे दिला की वेळकाढूपणाचाही अधिकार त्यातून मिळतो, म्हणून कायद्यात मुदत लिहिलेली हवी.

विरोधक राजकारण करतील, आणि आमदाराला यातलं कळतं तरी काय?

राजकारण बंद खोलीत कमी होतं, उघड्यावर जास्त. समितीत कॅमेरा नसतो, घोषणा द्यायला प्रेक्षक नसतो. आणि विरोधकांना काहीच कळू दिलं नाही तर ते अंदाजावर आरोप करतात, जे सुरक्षेला जास्त महागात पडतं.

तज्ज्ञतेचा मुद्दा मात्र मला पटतो. सदस्याला गुंतागुंतीचे तांत्रिक अहवाल एकट्याने समजणार नाहीत. त्याला तपासणी झालेला, पूर्णवेळ कर्मचारी वर्ग लागतो: एखादा निवृत्त लेखापरीक्षक, एखादा वकील, एखादा दळणवळणाचा जाणकार. भारतातल्या समित्या इथेच सर्वांत दुबळ्या आहेत. बाकी नियम सुधारले आणि हे केलं नाही, तर समिती चहापानापुरती राहील.

आपल्याकडे याची चर्चाच झाली नाही असं नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये नाजूक भाग गाळून संसदेत ठेवला गेला आणि देशाचं काही बिघडलं नाही. १९६२च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र सरकारने अजूनही खुला केलेला नाही. जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रॉचे पहिले प्रमुख काव यांच्या स्मृती-व्याख्यानात संसदेच्या देखरेखीची बाजू मांडली. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर यंत्रणांना कायद्याचा पाया आणि संसदीय समिती देणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, आणलं. ते पुढे सरकलं नाही. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही, तेव्हा सरकारने मनावर घेतल्याशिवाय हा कायदा होणार नाही.

तोवर कोकणातून काय विचारता येईल?

बरंच. इशाऱ्यातला मजकूर न मागताही यंत्रणा जागी आहे की झोपली, हे प्रश्नांतून काढता येतं. आधी प्रश्न कुणाकडे द्यायचा ते ठरवा. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून सागरी पोलीस ठाणी, गस्ती बोटी आणि लॅंडिंग पॉइंटवरचे (बोटी किनाऱ्याला लागतात त्या जागांवरचे) सुरक्षारक्षक यांचा प्रश्न आमदाराकडे. मत्स्यव्यवसाय खातं आणि लहान बंदरंही तिथेच. तटरक्षक दल, कस्टम, आयबी आणि जेएनपीए (उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर) हे खासदाराकडे. चुकीच्या सभागृहात प्रश्न दिला तर 'ही बाब राज्याच्या अखत्यारीतील आहे' एवढंच उत्तर येतं आणि अधिवेशन वाया जातं.

मग शब्दरचना. विधानसभेतला प्रश्न '...हे खरे आहे काय' अशा साच्यात असतो, आणि मोघम प्रश्नाला 'हे खरे नाही' असं तीन शब्दांत उडवता येतं. 'किनारपट्टीची सुरक्षा ढासळली आहे, हे खरे आहे काय?' हा फुकट घालवलेला प्रश्न. त्याऐवजी: अमुक जिल्ह्यात गस्ती बोटी किती, गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक बोट किती दिवस आणि किती तास समुद्रात होती, किती दिवस दुरुस्तीत होती, तांडेल आणि इंजिन चालकाची मंजूर पदं किती व रिक्त किती, इंधनाची तरतूद किती व खर्च किती? यात गुपित काहीच नाही. २०११ मध्ये कॅगने तटरक्षक दलाच्या कामकाजावर स्वतंत्र अहवाल संसदेत मांडला होता, तेव्हा असे आकडे देणं सुरक्षेला बाधक आहे हे म्हणणं टिकत नाही.

इशाऱ्यांबद्दलही एक प्रश्न चालतो: वर्षभरात किती इशारे मिळाले आणि ते मिळाल्यापासून ठाण्यापर्यंत पोचायला सरासरी किती वेळ लागला? मजकूर नको, वेळ हवा. २६ नोव्हेंबरचा धडा याच वेळेत दडलेला होता. मच्छीमार संस्थांनी १०९३ किंवा १५५४ या हेल्पलाइनवर संशयास्पद बोटीची खबर दिली असेल, तर तारीख, वेळ आणि कुणी फोन घेतला हे लिहून ठेवावं. आमदाराला प्रश्नासाठी असाच ठोस कागद लागतो.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितासाठी आग्रह धरा, कारण त्यावरच उभं राहून उपप्रश्न विचारता येतो. उत्तरात मंत्री 'माहिती घेऊन पटलावर ठेवू' म्हणाले तर ते वाक्य नोंदवून ठेवा. ते आश्वासन धरलं जातं, लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि शासकीय आश्वासनांवरील समिती त्याचा पाठपुरावा करते. अशी समिती आपल्या विधिमंडळातही आहे. 'उघड करणे जनहिताचे नाही' असं उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न मजकूर वगळून, फक्त आकडे आणि तारखा मागत पुन्हा द्यावा.